मातीची कबुतरं

मुलांनो, आज गोष्टीच्या आधी एक कबुली द्यायची आहे. आईबाबांनीही वाचली तरी चालेल.

श्रावण संपत आला होता. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या चिंचेवर एक होला येऊन बसला. आमच्या चौथीतल्या एका मुलानं खिशातून बेचकी काढली, खडा लावला, रबर ताणला आणि सोडला. नेम असा, की दुसरा खडा लागलाच नाही. होला फांदीवरून सरळ खाली. मुली ओरडल्या, मी धावत गेले. होला अजून गरम होता.

मग मी काय केलं? बेचकी हिसकावली, सगळ्या वर्गासमोर कात्रीनं तिचे रबर कापले आणि तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं बाईंनी बोलण्यासारखं नव्हतं. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्यानं "हजर बाई" म्हटलं नाही, नुसता हात वर केला. तिसऱ्या दिवशीही हातच. आठ दिवस हेच चाललं. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की यायचा, बरोबर सोडवायचा, आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसायचा. मुलं गप्प झाली की मोठ्यांना किती जड जातं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ते हत्यार बरोबर वापरता!

त्याच रविवारी संध्याकाळी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती बरीच वर्षं इंग्लंडमध्ये असते. लंडनसारख्या मोठ्या शहरात नव्हे, पार खेड्यात, श्रॉपशर नावाच्या परगण्यात. वेल्सच्या सीमेला लागून हा भाग आहे. टेकड्या, पाऊस आणि मेंढ्या. माणसं कमी, मेंढ्या जास्त, असं ताई म्हणते. (याच परगण्यात मच वेनलॉक नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या डॉक्टर ब्रुक्स यांनी १८५० साली गावकऱ्यांसाठी 'ऑलिम्पियन' खेळ सुरू केले. ते बघायला १८९० साली फ्रान्सहून कूबर्तँ आले आणि त्यानंतर सहाच वर्षांनी अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक भरलं. हे आपल्या पुस्तकात एका ओळीतसुद्धा नसतं, म्हणून सांगून टाकलं.)

तर फोनवर ताईचा मुलगा आला. आठवीत आहे. मागे कुठंतरी फट्, फट्-फट् असे आवाज येत होते.

"अरे, तिकडं आत्ता कुठले फटाके?" मी विचारलं.

"फटाके नाहीत मावशी, कबुतरं मारतायत."

माझ्या डोळ्यासमोर तो होला आला. "तूसुद्धा मारतोस?"

"हो! मागच्या खेपेला पन्नासातली एकतीस मारली."

मी गप्पच झाले. तेव्हा तो खो-खो हसत म्हणाला, "अगं मावशी, मातीची कबुतरं! खोटी!"

आणि मग पुढचा पाऊण तास त्यानं मला जे सांगितलं, आणि नंतर मी स्वतः शोधून वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

या खेळाला 'क्ले पिजन शूटिंग' म्हणतात. क्ले म्हणजे चिकणमाती, पिजन म्हणजे कबूतर. गंमत अशी, की त्यात कबूतर तर नाहीच, पण मातीही नाही! खडूच्या जातीचा चुनखडक दळून त्यात डांबरासारखा चिकट पदार्थ घालतात आणि साच्यात दाबून बशीसारखी चकती करतात. व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे तुमच्या पट्टीवर अकरा सेंटिमीटर. वजन साधारण १०५ ग्रॅम. एक यंत्र ही चकती गरगरत आकाशात फेकतं आणि खेळाडूनं ती जमिनीवर पडायच्या आत छऱ्यांच्या बंदुकीनं फोडायची. फुटली तर गुण, नाही तर शून्य.

मग नाव असं का? कारण पूर्वी खरोखरच कबुतरं होती. जिवंत. पेटीत कबूतर ठेवायचे, पेटीला दोरी बांधायची. बंदूकवाला ओरडायचा "पुल!", म्हणजे "ओढ!". माणूस दोरी ओढायचा, झाकण उघडायचं, बिचारं कबूतर सुटका झाली म्हणून उडायचं, आणि... पुढचं कळलंच. १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकच्या वेळी अशी स्पर्धा झाली होती. बेल्जियमच्या लेआँ द लुंडेन यानं २१ कबुतरं पाडून ती जिंकली. शेकडो कबुतरं त्यात मेली. ऑलिम्पिकमध्ये पुन्हा तसा खेळ झाला नाही. इंग्लंडमध्ये १९२१ साली कायदाच झाला, की पकडून ठेवलेले पक्षी सोडून त्यांच्यावर नेम धरायचा नाही.

त्याच्या आधीच लोक दुसरं काहीतरी शोधायला लागले होते. कुणी काचेचे गोळे उडवून बघितले. त्यात पिसं भरायचे, म्हणजे गोळा फुटला की पिसं उडून पक्षी पडल्यासारखं वाटावं! पण शेतभर काचा. मग अमेरिकेत सिनसिनाटी शहरात जॉर्ज लिगाउस्की नावाच्या माणसानं १८८० साली भाजलेल्या मातीची चकती काढली. असं सांगतात, की पाण्यावर चपटे शिंपले तिरके भिरकावून टप्पे पाडणारी मुलं बघून त्याला ही युक्ती सुचली. म्हणजे आपण तळ्यावर खापरी भिरकावतो ना, तेच. पहिल्या चकत्या मात्र इतक्या कडक भाजलेल्या, की छर्रे लागले तरी फुटायच्या नाहीत, नुसत्या घंटेसारख्या वाजायच्या. म्हणून पुढं चुनखडक आणि डांबर आलं.

माती गेली, कबूतर गेलं, शब्द मात्र राहिले. आजही खेळाडू "पुल" म्हणतो, आणि दोरीऐवजी कुणीतरी बटण दाबतं. चकतीला आजही 'बर्ड' म्हणतात. यंत्रातून चकती फुटकीच बाहेर आली तर पंच म्हणतो "नो बर्ड", आपल्या नो-बॉलसारखं, आणि दुसरी चकती मिळते. भाषेला जुनं सोडवत नाही बघा.

आता त्या श्रॉपशरच्या क्लबाविषयी. क्लब म्हटलं की आपल्याला वाटतं, काचेच्या दाराची इमारत, गणवेशातला दरवान. इथं तसलं काही नाही. एका मेंढपाळ शेतकऱ्याचं उताराचं शेत. शनिवारी संध्याकाळी तो मेंढ्या पलीकडच्या रानात हाकतो. रविवारी सकाळी आठला चार-पाच गाड्या येतात, मागं जोडलेल्या छोट्या ट्रॉल्यांतून यंत्रं उतरतात. यंत्रं मोटारीच्या बॅटरीवर चालतात. एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, हेच क्लबाचं ऑफिस. खिडकीत एक आजीबाई वही घेऊन बसतात. नाव लिहायचं, पैसे द्यायचे, गुणपत्रिका घ्यायची. दुसऱ्या खिडकीतून चहा आणि गरम पावात घातलेलं काहीबाही. ताई म्हणते, निम्मे लोक त्या पावासाठीच येतात.

येतात तरी कोण? ताईच्या मुलानं बोटांवर मोजून दाखवलं. पत्र वाटणारा पोस्टमन, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री, दातांची डॉक्टर, निवृत्त शाळामास्तर, दोन नर्सबाई, आजूबाजूचे शेतकरी, आणि "एक आजोबा, ज्यांना काहीच ऐकू येत नाही पण चकती कधी चुकत नाही". त्या भागात घरं एकमेकांपासून मैल-मैल लांब. आठवडाभर माणसाला माणूस भेटत नाही. गावातलं दुकान बंद पडलेलं, बस दिवसातून दोनदा. मग रविवारची ही सकाळ म्हणजेच त्यांचा पार आणि त्यांचा आठवडी बाजार. कुणाची मेंढी आजारी, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची बायको दवाखान्यात, सगळं तिथं कळतं. दोन रविवार एखादा आला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात जाऊन उभं राहतं.

दर रविवारी मात्र खेळ नसतो, एकाआड एक रविवारी असतो. मला वाटलं, हौस कमी असेल. कारण निराळंच निघालं. तिकडं शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची तर सरकारी परवानगी लागते. पण वर्षातून २८ दिवसांपर्यंत अशी परवानगी न काढता तात्पुरता वापर करता येतो. त्यामुळे असे कितीतरी छोटे क्लब वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून आपले २८ दिवस काटकसरीनं वाटून घेतात. पंधरवड्यातून एक धरला की सव्वीस होतात. उरलेले दोन ठेवायचे नाताळच्या सुमाराच्या खेळाला आणि एखाद्या मदतनिधीच्या खेळाला. तिकडं अपघातातल्या माणसाला उचलायला हेलिकॉप्टर येतं, ती सेवा बहुतेक ठिकाणी लोकांच्या देणगीवर चालते. या क्लबानं वर्षाचा एक दिवस त्यासाठी राखला आहे. आडगावात राहणाऱ्याला त्या हेलिकॉप्टरची किंमत कळते.

आणि आवाज? तोही प्रश्न असतोच. दहाच्या आधी आणि एकच्या नंतर एकही बार नाही, असं या क्लबानं शेजाऱ्यांना कबूल केलंय. आजीबाई घड्याळ बघून कॅराव्हॅनच्या दारात हातघंटा वाजवतात. एकदा एकाच्या दहा चकत्या राहिल्या होत्या आणि एक वाजून एक मिनिट झालं होतं. राहिल्या त्या राहिल्याच.

शेजाऱ्यावरून आठवलं. अमेरिकेत अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मित्रांबरोबर घड्याळाच्या तबकडीसारखा एक मोठा गोल आखला होता. बाराच्या आकड्यापाशी यंत्र, आणि एकेका आकड्यावर उभं राहून नेमबाजी. छान चाललं होतं. १९२३ च्या सुमारास शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या! आता गोळीबार कोंबड्यांच्या दिशेनं कसा करणार? त्या मंडळींनी भांडण काढलं नाही. गोल अर्धा केला आणि सहाच्या आकड्यापाशी दुसरं यंत्र बसवलं. त्या अर्ध्या गोलाचा खेळ पुढं 'स्कीट' या नावानं जगभर गेला. आज ऑलिम्पिकमध्ये स्कीट खेळतात तो त्या कोंबड्यांमुळे अर्धगोल झालेला आहे. २०२४ साली पॅरिसला आपले अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान याच स्कीटच्या मिश्र स्पर्धेत कांस्यपदकासाठी चीनशी लढले. चीन ४४, भारत ४३. एक चकती! आणि २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी रौप्यपदक आणलं ते 'डबल ट्रॅप'मध्ये. तिथं दोन चकत्या एकदम सुटतात.

क्लबातला खेळ ऑलिम्पिकइतका कडक नसतो, पण मजेदार जास्त. तिथल्या चकत्यांना प्राण्यापक्ष्यांसारखं वागायला लावतात. एक चकती जमिनीवरून टणाटण उड्या घेत जाते, तिला 'ससा' म्हणतात. ती जरा जाड असते, नाही तर दगडावर आपटून आधीच फुटेल. एक झाडांच्या मागून सरळ वर जाते, बदकासारखी. एक इतकी पातळ, की कडेनं दिसतच नाही आणि मग अचानक वळून पोट दाखवते. आणि एक अवघी ६० मिलिमीटरची. ती दूर असेल असं वाटतं, पण असते जवळच. डोळे फसतात.

आता जरा वही काढा. चकती तुमच्यासमोरून आडवी जातेय, वेग ताशी ९० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला किती मीटर? ९०,००० भागिले ३,६००. बरोबर, २५ मीटर. बंदुकीतले छर्रे तिच्यापर्यंत पोचायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात चकती गेली अडीच मीटर पुढं! म्हणजे जो चकतीवर नेम धरेल, त्याचे छर्रे चकती जिथं होती तिथं जातील. नेम धरायचा तो चकतीच्या पुढच्या रिकाम्या आकाशावर. आणि बार उडाल्यावर बंदूक थांबवायची नाही, तशीच पुढं फिरवत न्यायची. क्रिकेटमध्ये धावत्या गड्याकडं चेंडू फेकताना आपण त्याच्या पुढं फेकतो, तसंच. ताईचा मुलगा पहिल्या दिवशी पंचवीस चकत्यांपैकी दोन फोडू शकला. "दोन्ही चुकून," असं तोच म्हणाला.

हे झालं खेळाचं. पण बंदूक ती बंदूक. खरं सांगते, मला हे सगळं ऐकताना बरं वाटत नव्हतं. पालकहो, तुम्हालाही वाटत नसेल. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एक माणूस पिस्तुलं घेऊन शिरला. १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. टेनिस खेळाडू अँडी मरे तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याच शाळेत होता. त्यानंतर तिथल्या आईबापांनी सही-मोहीम उभारली आणि पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर बंदी आली. छऱ्यांच्या बंदुकीला बंदी नाही, पण पोलिसांचा दाखला लागतो. पोलीस घरी येऊन बघतात, डॉक्टरांकडून माहिती मागवतात, बंदूक कुलपात ठेवावी लागते. पंधरा वर्षांखालच्या मुलानं बंदूक हातात घ्यायची तर बाजूला एकवीस वर्षांवरचं माणूस पाहिजेच. मी चौथीच्या वर्गाची बाई आहे. डनब्लेनचं वाचल्यावर मला तेवढ्यानं समाधान होत नाही. पण ताईच्या मुलाची पुढची हकिगत ऐकल्यावर माझा विचार थोडा हलला, हेही खरं.

ही बंदूक मधे मोडते. मोडते म्हणजे बिजागरीवर उघडते. क्लबाचा पहिला नियम: खेळायच्या चौकटीत उभे नसाल तेव्हा बंदूक उघडी आणि रिकामी. लांबूनही दिसलं पाहिजे, की हिच्यात काही नाही. एका रविवारी त्याचे दोन बार झाले, बंदूक रिकामीच होती. मागून कुणीतरी हाक मारली आणि तो वळला. वळताना बंदूक मिटलेली.

कुणी ओरडलं नाही. तो ऐकू न येणारे आजोबा पुढं आले, नळी हातानं जमिनीकडं केली, आणि हळू म्हणाले, "उघड. ठेव. आज पुरे." बस्स. बाकीचे लोक आपापल्या चहाकडं बघत राहिले. त्याची फजिती कुणी बघितली नाही, म्हणजे बघितली पण न बघितल्यासारखी केली. तो गाडीत बसून घरी येईपर्यंत रडला.

"मग? काढून टाकलं?" मी विचारलं.

"छे! पुढच्या वेळी त्यांनी माझ्या हातात बटण आणि गुणपत्रिका दिली. तीन तास सगळ्यांच्या मागं उभा होतो."

बटण दाबणारा म्हणजे या खेळातला फार मोठा माणूस. पूर्वी विजेची यंत्रं नव्हती, तेव्हा गवताच्या पेंढ्यांच्या आडोशाला बसून गावातली पोरंच स्प्रिंगचं यंत्र हातानं ओढून ठेवायची, चकती लावायची आणि सोडायची. खाऊचे पैसे मिळायचे. काम धोक्याचं, स्प्रिंग निसटली तर हातच मोडायचा. आता बटण आलं, तरी लक्ष तेवढंच लागतं. खेळाडू "पुल" म्हणाला की त्याच क्षणी दाबायचं, उशीर झाला की त्याचा सूर जातो. मग चकती नीट बघायची. डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडाला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर गुण नाही. आणि जे दिसलं तेच लिहायचं. समोर पोस्टमन असो की जमिनीचा मालक.

त्या तीन तासांत त्यानं पाचशेच्या वर चकत्या बघितल्या. कोण बंदूक कशी उघडतो, कोण पाय कुठं ठेवतो, चुकल्यावर कोण काय करतो. ऐकू न येणाऱ्या आजोबांची त्या दिवशी एक चुकली. यानं भीतभीत शून्य लिहिलं. आजोबांनी कागद बघितला आणि मान डोलावली.

खेळ संपल्यावर अर्धा तास सगळे शेतात वाकलेले असतात. रिकामी काडतुसं वेचायची, मोठे तुकडे उचलायचे. काडतुसात छर्रे आणि दारू यांच्यामध्ये एक बूच असतं, ते प्लास्टिकचं असेल तर मेंढ्यांच्या पोटात जाईल, म्हणून तिथं दाबलेल्या तंतूंचंच बूच चालतं. चकतीचे डांबरी तुकडे डुकरांनी खाल्ले तर त्यांना विषबाधा होते, म्हणून त्या शेतात डुकरं कधीच सोडत नाहीत. छर्रे शिशाचे असतात, आणि शिसं जमिनीला नि पक्ष्यांना वाईटच. आता पोलादी छर्रे वापरा म्हणून तिकडं जोर धरलाय. म्हाताऱ्या मंडळींना ते पसंत नाही, जुन्या बंदुका खराब होतात म्हणे. त्यावर कॅराव्हॅनमध्ये दर वेळी वाद होतो आणि चहा थंड होतो.

फोन ठेवला आणि मी बराच वेळ बसून राहिले. त्या आजोबांनी "उघड, ठेव, आज पुरे" एवढंच म्हटलं होतं. मी कात्री काढली होती.

सोमवारी मी त्या मुलाला थांबवून घेतलं. माफी कशी मागतात ते डीएडला शिकवलेलं नव्हतं. म्हटलं, "बेचकी मी सगळ्यांसमोर कापली ते चुकलं. होला मारलास ते मात्र चुकलंच." तो जमिनीकडं बघत होता. मग मी त्याला मातीच्या कबुतरांबद्दल सांगितलं. सगळं. ससा, बदक, नो बर्ड, कोंबड्या. कोंबड्यांवर तो जरा हसला. शेवटी बोलला, आठ दिवसांत पहिल्यांदा:

"बाई, चकत्या आपण करू की. आमच्या ओढ्याची माती चांगली."

आमच्या मुख्याध्यापकांनी बेचकी शाळेत चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून आम्ही चेंडू घेतले. मुलांनी ओढ्याची माती आणली, त्यात भुसा कालवला, वाटीवर थापून चकत्या केल्या, चार दिवस उन्हात वाळवल्या. पहिल्या खेपेला चिंचेच्या फांदीला सुतळीनं टांगल्या. तो म्हणाला, "टांगलेलं काय मारायचं बाई? उडतं पाहिजे." दुसऱ्या दिवशी तो बांबूची एक लवचीक कांब घेऊन आला, टोकाला फुटक्या टोपलीचा तुकडा बांधलेला. त्यात चकती ठेवायची, कांब मागं वाकवायची, सोडायची. निम्म्या चकत्या तिथंच फुटतात. "नो बर्ड!" सगळा वर्ग ओरडतो. उरलेल्या कवठाच्या दिशेनं छान जातात. सगळे रेघेच्या मागं उभे. एकाच्याच हातात चेंडू. तो "सोडा" म्हणेपर्यंत बाकी कुणी जागेवरून हलायचं नाही.

चेंडू त्या मुलानं एकदाही मागितला नाही. तो कांबीपाशी असतो, आणि गुणांची वही त्याच्याकडं. एकोणतीस मुलांत आजवर फुटल्यात त्या सात चकत्या. त्यातली एक माझी, असं मी म्हणते. तुकडा उडालेला त्यानं बघितला नाही, म्हणून वहीत माझ्यासमोर शून्य आहे.

परवा त्यानं विचारलं, "बाई, तो विलायतेतला दादा लागलं की काय लिहितो? टिक?"

मी ताईच्या मुलाला विचारून सांगितलं, की त्यांच्या क्लबात लागलं की फुली मारतात, आणि चुकलं की शून्य.

"फुली म्हणजे बरोबर?" त्यानं डोळे मोठे केले. मग वही उघडून सातही खुणा खोडरबरानं पुसल्या आणि तिथं एकेक ठसठशीत फुली काढली.